बाटलीतला बांबू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूमागे दोन रसायनशास्त्रं लागली. एक बल्लारपूरच्या कागद गिरणीचं, १९४५ पासूनचं. दुसरं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं, म्हणजे एनसीएलमधलं. दोन्हींना सामना करावा लागला तो वनस्पतीच्या पेशीभित्तिकेशी.

गिरणीचं काम सरळ आहे. बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवायचे. लिग्निन विरघळून काळं पाणी होतं आणि सेल्युलोज हाती लागतं. पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या या शिजवण्यातून निघाल्या.

प्रयोगशाळेची अडचण उलटी होती. तिला ऊतीच्या तुकड्यापासून बाटलीतल्या पोषक माध्यमात अख्खं रोप वाढवायचं होतं, म्हणजे टिश्यू कल्चर करायचं होतं. लिग्निनने भरलेली पेशी बहुधा मेलेलीच असते. तिच्यातून रोप उगवत नाही. म्हणून डोळ्यातल्या, पातळ भित्तिकेच्या कोवळ्या पेशी गाठाव्या लागतात. ऑक्सिन आणि सायटोकायनिन या वनस्पतींच्या हार्मोनांच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब हे ठरतं, असं स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूवर दाखवलं होतं. पुढे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये आणखी एक गोष्ट आली. पेशीभित्तिकेतल्या शर्करांचे बारीक तुकडे माध्यमात मिसळले, तर तंबाखूच्या ऊतीला फुलं येतील की कोंब, तेही बदलतं. ज्या भिंतीला आपण नुसतं कवच समजत होतो, ती निरोपही पोचवते! मला हा शोध हार्मोनच्या शोधाहून अधिक चक्रावणारा वाटतो.

एनसीएलने १९८० मध्ये शंभर वर्षांच्या सागवानाच्या डोळ्यांपासून रोपं केल्याचं प्रसिद्ध केलं. म्हाताऱ्या झाडाला पुन्हा मुळं फोडायला लावणं सोपं नसतं. कापलेल्या भागातून झिरपणारी फिनॉल संयुगं माध्यम काळं करतात. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. मानवेलाच्या ऊतीपासून रोपं १९८५ मध्ये दिल्ली विद्यापीठात झाली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलात मुख्यतः हाच बांबू आहे.

मग १९९० चा मार्च. रजनी नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हस यांनी ‘नेचर’मध्ये कळवलं की पुण्यात बाटलीतल्या कटांग बांबूला फुलं आली आणि बीही धरलं. नाल्याकाठचा कटांग फुलायला तीस-चाळीस वर्षं घेतो आणि फुलला की रांजीच्या रांजी, म्हणजे बेटंच्या बेटं, मरतात. इथे सायटोकायनिन आणि नारळपाण्यावर वाढलेल्या इवल्या कोंबांनी काही महिन्यांत ते उरकलं. बांबूचा संकर करण्याची वाट त्यामुळे दिसू लागली.

जंगलापर्यंत मात्र त्यातलं फारसं पोचलं नाही. पोचायची गरजही कितपत होती? मानवेल आपल्या कंदातून दर पावसाळ्यात वास्ते, म्हणजे नवे कोंब, काढतोच. गुरं, आग आणि बेसुमार तोड यांनी ते मरतात. १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले. बांबू कुणी, कधी, किती तोडायचा, हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे जाणं हे कोणत्याही माध्यमापेक्षा परिणामकारक औषध आहे, असं माझं मत आहे.

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळीच आठवतात. बांबूचंही अखेर तसंच झालं. बाटलीतली रोपं वनात न जाता शेताच्या बांधावर आली. २०१७ च्या वन कायदा दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून सुटला आणि २०१९ पासून राज्याची अटल बांबू समृद्धी योजना ऊतिसंवर्धित रोपांना अनुदान देते.

शेतकऱ्यांना एकच सांगणं. एका मातृबेटापासून केलेली सगळी रोपं त्या बेटाचंच वय घेऊन येतात. बेट फुलोऱ्याच्या जवळ असेल तर तुमची बागही लवकर फुलून वाळेल. रोपवाटिकेत पैसे मोजण्याआधी मातृबेट कुठलं आणि किती वर्षांचं, हे लेखी मागा.