याकूत भाषेची लेखनव्यवस्था : एका पिढीत तीन वर्णमाला

मागील घटकात आपण स्वनिम आणि लिपिचिन्ह यांच्यातील संबंध पाहिला. भाषेतील प्रत्येक स्वनिमासाठी एक चिन्ह, ही आदर्श लेखनव्यवस्था झाली. प्रत्यक्षात हा आदर्श किती टिकतो, हे तपासण्यासाठी ईशान्य सायबेरियातील याकूत भाषेचा विचार करू. ही तुर्की कुळातील भाषा असून तिचे भाषक स्वतःला ‘साखा’ म्हणवतात. त्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे.

या भाषेचे पहिले सखोल व्याकरण १८५१ मध्ये ओटो ब्योटलिंक यांनी प्रसिद्ध केले. अष्टाध्यायीचे संपादक आणि पीटर्सबर्ग संस्कृत कोशाचे एक कर्ते म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे ब्योटलिंक. ते याकूतांच्या प्रदेशात कधी गेले नाहीत; पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या उवारोव्स्की या याकूत जाणणाऱ्या गृहस्थांकडून त्यांनी भाषा समजून घेतली.

लिपीकडे वळण्यापूर्वी ध्वनी पाहू. याकूतमध्ये आठ ऱ्हस्व स्वर, त्यांचेच आठ दीर्घ स्वर आणि चार संयुक्त स्वर आहेत. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो : ‘घोडा’ आणि ‘नाव’ या अर्थांच्या शब्दांत फरक आहे तो केवळ ‘आ’ आखूड की लांब एवढाच. शिवाय येथे स्वरसंवाद आहे, म्हणजे प्रत्ययातील स्वर शब्दातील स्वराप्रमाणे बदलतो. ‘आघा’ (वडील) याचे अनेकवचन ‘आघालार’, ‘एहे’ (अस्वल) याचे ‘एहेलेर’, ‘ओघो’ (मूल) याचे ‘ओघोलोर’. चौथ्या रूपातील स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ उच्चारल्यास येतो. त्याला देवनागरीत चिन्हच नाही. प्रत्ययातील ‘ल’देखील मागील ध्वनीनुसार त, द किंवा न होतो. अशी एकाच प्रत्ययाची सोळा रूपे होतात, आणि ती सर्व उच्चारानुसार लिहिली जातात.

हे सारे नेमके टिपता यावे म्हणून सेम्योन नोवगोरोदोव या तरुण याकूत भाषाभ्यासकाने १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्वनलिपीवर आधारलेली वर्णमाला तयार करून पहिली अंकलिपी छापली. तीत मोठी अक्षरे नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. १९२० च्या दशकात शाळा आणि छपाई या वर्णमालेत चालली. नोवगोरोदोव १९२४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पुढे १९२९ मध्ये सोव्हिएत संघातील तुर्की भाषांसाठीची समान रोमन वर्णमाला आली आणि १९३९ मध्ये सिरिलिक. या दोन्ही बदलांमागे याकूत ध्वनींची गरज नव्हती. ते सोव्हिएत भाषाधोरणाचे निर्णय होते. १९२५ मध्ये शाळेत अक्षरे गिरवलेल्या मुलाला तिशी गाठण्यापूर्वी आणखी दोनदा साक्षर व्हावे लागले. त्याच्या पहिल्या पुस्तकांचे त्याच्या मुलांना काय होणार होते, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

आजची वर्णमाला चाळीस अक्षरांची आहे : रशियनची तेहेतीस, पाच नवी आणि दोन जोडाक्षरे. दीर्घ स्वर तेच अक्षर दोनदा लिहून दाखवतात. सोय साधी आहे, आणि माझ्या मते उत्तम आहे. मात्र सुमारे डझनभर अक्षरे केवळ रशियनमधून आलेल्या शब्दांसाठी आहेत. जुने आगत शब्द याकूत वळणाने लिहिले जातात. रशियन ‘स्तोल’ (टेबल) याचे ‘ओस्तुओल’, ‘क्नीगा’ (पुस्तक) याचे ‘किनिगे’ झाले. नव्या शब्दांचे लेखन मात्र बहुधा रशियनप्रमाणेच राहते. तत्सम शब्दांतील उपान्त्य इकार-उकार मुळाप्रमाणे ठेवण्याचा मराठीतील नियम आपल्याला येथे आठवेल.

आणि तरीही एक ध्वनी निसटलाच. याकूतमध्ये साधा ‘य’ आणि अनुनासिक ‘य’ हे वेगळे आहेत, पण अक्षर एकच. त्यामुळे ‘आयी’सारखा दिसणारा एक शब्द साध्या उच्चाराने ‘सृष्टी, निर्मिती’ आणि अनुनासिक उच्चाराने ‘पाप’ असा अर्थ देतो. वाचकाने संदर्भावरून ठरवायचे. मराठीत ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ या अर्थाने आणि ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून मोठ्याने उच्चारून पाहा. आपल्या बोलीत अशा आणखी किती जोड्या आढळतात, त्या पुढील घटकापूर्वी वहीत नोंदवून ठेवाव्यात.