रेणूच्या फांद्या आणि प्लास्टिकचा प्रवाह

दुधाची पातळ पिशवी, तेलाचा टणक कॅन आणि पाणीपुरवठ्याचा काळा पाइप या तिन्ही वस्तू पॉलिएथिलीन या एकाच कुळातील प्लास्टिकच्या असतात. त्यांची मूलद्रव्ये कार्बन आणि हायड्रोजन हीच दोन. तरीही कॅनचे प्लास्टिक पिशवीच्या यंत्रात घातल्यास काम बिघडते. याचे कारण रेणूंच्या रचनेत सापडते.

फांद्या कशा फुटतात?

पॉलिएथिलीनचा रेणू म्हणजे हजारो दुवे असलेली लांब साखळी होय. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य प्रथम मिळाले. हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली ते तयार होताना साखळीला मध्येच आखूड व लांब फांद्या फुटतात. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जात नाहीत. म्हणून हे प्लास्टिक हलके व मऊ होते. त्याला अल्प घनतेचे पॉलिएथिलीन म्हणतात. १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साह्याने अल्प दाबाखाली जवळजवळ सरळ साखळ्या तयार केल्या. हे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन होय. या क्षेत्रातील कार्याबद्दल झिग्लर व इटलीचे ज्यूलिओ नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वितळल्यावर काय घडते?

वितळलेल्या प्लास्टिकमध्ये साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. सरळ साखळी त्या गुंत्यातून सापासारखी सरपटत पुढे सरकते, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर-जील द जेन यांनी १९७१ मध्ये मांडली. लांब फांद्या असलेल्या साखळीला मात्र असे सरपटता येत नाही. कुंपणासाठी रचलेल्या बाभळीच्या ढिगातून एक काठी सहज ओढता येते. पण फांदी ओढली की तिच्याबरोबर शेजारच्या फांद्याही ओढल्या जातात. रेणूंचेही तसेच होते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, यंत्रातील अरुंद फटीतून जोराने ढकलताना लांब फांद्यांच्या प्लास्टिकचा दाटपणा झपाट्याने कमी होतो व ते सुलभतेने वाहते. दुसरा परिणाम याच्या उलट दिसतो. तेच प्लास्टिक ताणले असता अधिकाधिक प्रतिकार करते. पिशवीचे कापड तयार करताना वितळलेल्या नळीत हवा भरून मोठा फुगा करण्यात येतो. त्याचा एखादा भाग पातळ होऊ लागला, की तेथील प्लास्टिक अधिक ताठर बनते आणि ताण शेजारच्या भागावर जातो. त्यामुळे फुगा स्थिर राहतो व जाडी सारखी येते. आखूड फांद्यांचा प्रवाहावर एवढा परिणाम होत नाही; त्या मुख्यत्वे घनता कमी करतात. केवळ आखूड फांद्या असलेले रेषीय अल्प घनतेचे पॉलिएथिलीन अधिक चिवट असते, पण त्याचा फुगा सांभाळणे कठीण जाते. म्हणून दोन्ही प्रकार मिसळून वापरण्याची पद्धत आहे.

एका आकड्याची मर्यादा

कारखान्यात प्रवाहाची साधी चाचणी घेतात. १९० अंश सेल्सिअस तापमानाला २.१६ किलोग्रॅम भाराखाली ठरावीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम प्लास्टिक बाहेर येते, ते मोजले जाते. ही चाचणी संथ प्रवाहाची आहे. त्यामुळे आकडा सारखा असूनही दोन नमुने प्रत्यक्ष यंत्रात वेगळे वागू शकतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांच्या प्रवाहाचा अभ्यास झाला असून डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे संशोधनही या क्षेत्रातील आहे.

गावपातळीवरील उपयोग

२०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींवरही जबाबदारी सोपविली आहे. तेथे हे ज्ञान उपयोगी पडते. वस्तूवरील त्रिकोणात २ हा अंक असल्यास ते उच्च घनतेचे आणि ४ असल्यास अल्प घनतेचे पॉलिएथिलीन समजावे. पहिले सुमारे १३० अंशांना, तर दुसरे सुमारे ११० अंशांना वितळते. कॅनचे तुकडे पिशव्यांच्या मालात मिसळले, तर न वितळलेले कण राहण्याचा व फुगा फाटण्याचा संभव असतो. मालाची किंमत साहजिकच घटते. उलट, गोळा करतानाच दोन ढीग वेगळे ठेवले, तर त्याच कचऱ्यापासून पुन्हा उपयुक्त वस्तू होऊ शकते. शाळांतील विद्यार्थ्यांना हे दोन अंक ओळखण्यास शिकविले, तरी या कामाची चांगली सुरुवात होईल.