नांदूर मध्यमेश्वर : विद्यार्थ्यांच्या नोंदींचे मोल

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर, विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधण्यात आला. कालव्यांद्वारे शेतीला पाणी पुरविणे हा त्यामागील हेतू. परंतु वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने जलाशयात उथळ पाणथळी व गवताळ बेटे निर्माण झाली आणि पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात पक्ष्यांना आश्रयस्थान लाभले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. पुढे राज्यातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मानही या पाणथळीस मिळाला. येथे ५३६ सजीव प्रजातींची नोंद आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य झाला. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीचाही समावेश आहे. मात्र एका दिवसाची सहल म्हणजे संशोधन नव्हे. कालव्यांना पाणी सोडले की जलाशयाची पातळी उतरते व चिखलपट्टी उघडी पडते. शेकाट्या, तुतवार असे पक्षी तेथे अन्न टिपतात. पातळी चढताच ती जागा बुडते व हे पक्षी अन्यत्र जातात. अशा दिवशी गणना करणाऱ्यास पक्षी घटल्याचा भास होईल. म्हणून ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी, दरमहा गणना करावयास हवी. पक्ष्यांच्या संख्येबरोबरच पाण्याची पातळी व जलपर्णीचा विस्तारही टिपला गेला पाहिजे. ही शिस्त पाळल्यास विद्यार्थ्याची साधी वहीदेखील विश्वसनीय पुरावा ठरते.

या पुराव्याची गरज तातडीची आहे. जलपर्णीचा फैलाव, वाढते नागरीकरण व पाण्याचा उपसा यांचा ताण या पाणथळीवर आहे. देवळालीच्या नावाने ओळखली जाणारी, अतिसंकटग्रस्त अशी एक लहान मासळी येथे आढळते. नियमित नोंदी नसतील, तर अशी प्रजाती केव्हा नाहीशी झाली, हेही कळणार नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. ती एकदा भरून कपाटात ठेवल्यास तिचा हेतू सफल होत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी समितीपुढे ठेवाव्यात, समितीने मच्छीमार व शेतकऱ्यांकडून त्या पडताळून घ्याव्यात आणि दरवर्षी नोंदवहीत भर घालावी. जलपर्णी कोठून प्रथम काढावी, सांडपाण्याविषयी कोणाकडे दाद मागावी, हे ठरविताना ग्रामपंचायतीच्या हाती मग केवळ तक्रार नव्हे, तर आधार असेल.