खासदारांचं मत कुठे पडलं?

सकाळी सात

अधिवेशन चालू असलं की माझा दिवस कालच्या दिल्लीपासून सुरू होतो. आमच्या पाक्षिकात एक पान असतं. आपल्या भागातले लोकप्रतिनिधी बाहेर काय बोलले आणि सभागृहात त्यांनी मत काय दिलं, हे त्यात शेजारीशेजारी छापतो. लोकसभेच्या कामकाजाचा मजकूर संकेतस्थळावर येतो. मतविभाजन झालेलं असेल तर बाजूनं आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावंही त्यात मिळतात. मी आधी नावं शोधते, भाषण मागाहून वाचते. चांगलं भाषण आधी वाचलं की मन त्या माणसाकडे झुकतं.

काल एक विधेयक मंजूर झालं, पण नावांची यादी नाही. आवाजी मतदान. अध्यक्षांनी विचारलं, दोन्हीकडून आवाज उठले, ‘होय’च्या बाजूनं बहुमत असल्याचं जाहीर झालं. कुणाचा आवाज कुठल्या बाजूला होता, हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. बहुतेक विधेयकांचं असंच होतं. वहीतल्या रकान्यात मी ‘मत नोंदलेलं नाही’ असं लिहिते.

सकाळी नऊ

कात्रणं आणि चित्रफिती. मतापेक्षा विधान पकडणं अवघड असतं. मथळ्यात ‘तीव्र विरोध’ असतो आणि आतल्या वाक्यात ‘शेतकऱ्यांच्या शंकांचं निरसन व्हावं’ इतकंच असतं. ते विरोधाचं वचन नव्हे. तारीख आणि पूर्ण वाक्य हाती लागल्याशिवाय मी विधान धरत नाही. एखाद्या कलमाला आक्षेप घेऊनही विधेयकाला पाठिंबा देता येतो आणि तसं करणाऱ्याला दुटप्पी ठरवणं अन्यायाचं आहे.

अकरा

लोकसभेत प्रश्नोत्तरं सुरू होतात, मी आवाज बारीक करून थेट प्रक्षेपण लावून ठेवते. दुपारी एखाद्या विधेयकावर मतविभाजन मागितलं गेलं तर घंटा वाजेल, साडेतीन मिनिटं सदस्यांना आत यायला मिळतील, मग लॉबीची दारं बंद. त्यानंतर फलकावर आकडे उमटतात आणि निकाल ‘दुरुस्तीच्या अधीन’ म्हणून जाहीर होतो, कारण बटण न चाललेले सदस्य चिठ्ठीवर मत कळवतात. म्हणून फलकावरचा आकडा मी छापत नाही. छापील कामकाज येईपर्यंत थांबते.

साडेबारा

एका खासदारांच्या स्वीय सहायकांना फोन. मागच्या आठवड्यात नोंदलेल्या मतदानात साहेबांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

“ताई, साहेब दिल्लीतच होते हो. एका महत्त्वाच्या बैठकीत अडकले.”

“बैठक कुणाबरोबर होती?”

“ते बघून सांगतो.”

“मतदान होणार हे आधी ठरलेलं होतं ना?”

“ताई, तुम्ही लिहा की साहेबांचा त्या विधेयकाला विरोधच आहे.”

मी लिहून घेते. तारखेनिशी छापेन, शेजारी ‘मतदानाला अनुपस्थित’ असंही छापेन. आपलं उत्तर जसंच्या तसं छापून येण्याचा हक्क त्यांना आहे आणि तो मी पाळते.

दुपारी दोन

जेवण उरकून नव्या सहकाऱ्याबरोबर बसले. तो विचारतो, भाषणाच्या अगदी उलट मत देणारे किती सापडतात? थोडे. उघड उलट मत देणं महाग पडतं. अंतर लपतं ते सभात्यागात. त्याला मी 2012 ची फाइल काढून दिली. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीला परवानगी देण्याच्या निर्णयाविरुद्धचा ठराव लोकसभेत 5 डिसेंबरला मताला आला. समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष, दोघांचीही भाषणं गुंतवणुकीच्या विरोधात होती. मतदानाच्या वेळी दोघेही उठून बाहेर गेले. ठराव 218 विरुद्ध 253 मतांनी पडला. फरक 35 मतांचा आणि या दोन पक्षांचे मिळून खासदार 40 हून अधिक. दोन दिवसांनी राज्यसभेत बसपनं तर सरकारच्या बाजूनं मत दिलं.

भाषण दुकानदारासाठी होतं, सभात्याग सरकारसाठी. 2019 च्या जुलैत तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत 99 विरुद्ध 84 मतांनी मंजूर झालं, तेव्हा विधेयकाला विरोध सांगणाऱ्या संयुक्त जनता दलानंही मत न देता सभागृह सोडलं. उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. बाहेर गेलेला प्रत्येक विरोधक मंजुरीसाठी लागणारा आकडा खाली आणतो, हे संसदेत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

शिवसेनेचं उदाहरण त्याला आठवतच होतं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला तिनं 9 डिसेंबर 2019 ला लोकसभेत पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी उद्धव ठाकरे यांनी शंका दूर झाल्याशिवाय पाठिंबा नाही असं सांगितलं आणि 11 तारखेला राज्यसभेत पक्षाचे सदस्य मतदानापासून दूर राहिले. एकाच विधेयकावर तीन दिवसांत दोन भूमिका, पार्श्वभूमीला राज्यात नुकतंच आलेलं नवं आघाडी सरकार.

चार

एका वाचकाचं पत्र: ‘शरद जोशींनी महिला आरक्षणाविरुद्ध मत दिलं होतं म्हणतात, खरं का?’ खरं आहे. 9 मार्च 2010 ला राज्यसभेत ते विधेयक 186 विरुद्ध 1 असं मंजूर झालं. तो एक म्हणजे शरद जोशी. ज्यांनी 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, बाईच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यांचं हे मत. नुसत्या यादीवरून त्यांना दुटप्पी ठरवणं सोपं होतं. त्यांचा आक्षेप मात्र मतदारसंघ आळीपाळीनं राखीव करण्याच्या पद्धतीला होता. पुढच्या खेपेला मतदारसंघ बदलणार असेल, तर निवडून आलेली बाई तो बांधणार कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. पण ते सभागृहात बसून राहिले, सगळ्यांच्या रोषाला तोंड देत ‘नाही’ म्हणाले आणि तसं नोंदवलं. मतदाराला एवढंच हवं असतं. 2023 च्या सप्टेंबरात महिला आरक्षणावरच लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतं पडली, तेव्हा त्या दोघांपैकी एक औरंगाबादचे इम्तियाज जलील होते. इतर मागासवर्गीय आणि मुस्लीम स्त्रियांना वेगळा वाटा नाही, हा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता आणि बाहेरही तो हाच होता. वाचकाला सविस्तर उत्तर लिहिलं, पान थोडं वाढलं तरी चालेल.

साडेपाच

आता मुंबई. आमच्या विधानसभेतल्या दोन नोंदी मी प्रत्येक नव्या माणसाला दाखवते. 12 नोव्हेंबर 2014 ला देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. भाजपचे निवडून आलेले 122, बहुमताला 145 लागत होते आणि राष्ट्रवादीनं बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले. त्या दिवशी कोण सरकारबरोबर उभं राहिलं, याची नावांची यादी महाराष्ट्राकडे नाही.

दुसरी नोंद 4 जुलै 2022 ची. एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली: 164 विरुद्ध 99. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी काही दिवस आधी लोकांसमोर रडत शिवसेनेतल्या बंडखोरांना परत यायची हाक दिली होती, 3 तारखेला अध्यक्षपदासाठी ठाकरे गटाच्या उमेदवाराला मत दिलं होतं. 4 तारखेला ते शिंदे यांच्या बाजूला होते. गणती झाली म्हणूनच त्यांच्या मतदारांना ते त्याच दिवशी कळलं.

सात

संपादकांशी मथळ्यावरून वाद. त्यांना ‘खासदारांची कोलांटी’ हवं आहे.

“सर, पक्षानं व्हीप काढला होता. साध्या विधेयकावर व्हीप मोडला तरी खासदारकी जाऊ शकते. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचते.”

“मग दोष कुणाचा?”

“आदेश काढणाऱ्या पक्षाचा. जाहीरनाम्यातलं वाक्य आणि व्हीप शेजारी छापू.”

1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आणली, ती आयाराम-गयाराम थांबवायला. विकणाऱ्याबरोबर विचार करणाराही तिनं बांधून टाकला. व्हीपची सक्ती विश्वासाच्या ठरावापुरती ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीनं 1990 मध्येच सुचवलं होतं. मला ते मनापासून पटतं. मत खासदाराच्या हातात नसेल, तर त्याच्या शब्दाशी ते जुळतं का हे त्याला विचारायचं कसं?

संपादकांनी कोलांटी काढली.

रात्री नऊ

पान छपाईला पाठवण्याआधी कालच्या आवाजी मतदानाखाली चौकट लिहिली. आवाजी कौल मान्य नसेल तर एकटा सदस्यही आव्हान देऊन मतविभाजन मागू शकतो. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी ते मागितलं आणि मिळालं नाही. सदस्य जागेवर नव्हते, असं उपसभापतींनी कारण दिलं. गोंधळ कितीही असला तरी एवढ्या मोठ्या कायद्याची गणती व्हायलाच हवी होती. पण काल सभागृह शांत होतं. आपल्या भागातले दोन खासदार बाहेर विरोध सांगत आहेत; आत असते तर एकानं जागेवरून नुसतं मतविभाजन मागितलं असतं तरी पुरेसं होतं. मागितलं का नाही, हा प्रश्न दोघांनाही लेखी पाठवला आहे. उत्तरासाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.