खेळाडूची पदवी

आजचे कर्वेनगर हे जुने हिंगणे. १९०० साली महर्षी कर्व्यांचा आश्रम तेथील एका झोपडीत आला, आणि फर्ग्युसनमधील अध्यापन आटोपून ते रोज पायी तिकडे जात. ज्यांना प्रचलित शाळेत जागा नव्हती त्यांच्यासाठी शिक्षणाची रीतच बदलावी, हा विचार या भूमीस नवा नाही. आज याच कर्वेनगरातून पहाटे बालेवाडीच्या क्रीडासंकुलाकडे निघणाऱ्या मुलीस त्या विचाराची पुन्हा गरज आहे.

खेळाडूची उमेद तिशीच्या आसपास उतरणीस लागते. पुढे आयुष्य उरतेच. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाल्या. अशा पदासाठी पदवी लागते. ती मिळविण्याचा मार्ग आता मोकळा दिसतो. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ व ऑनलाइन पदवीस नेहमीच्या पदवीची बरोबरी दिली. सामन्याच्या गावी, वसतिगृहाच्या खोलीतही व्याख्यान ऐकता येते.

तथापि कोणते व्याख्यान? फिजिओथेरपी या मार्गाने शिकता येत नाही, आणि ते आम्हांस मान्य आहे. दुखऱ्या गुडघ्यास हात लावल्यावाचून ती विद्या येत नाही. परंतु २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषयही या मार्गातून वगळले. निवृत्तीनंतर मैदानाजवळ राहू इच्छिणारा खेळाडू नेमके हेच विषय निवडील! प्रात्यक्षिके सुटीच्या महिन्यांत समक्ष घेऊन सिद्धान्ताचा भाग दुरून शिकविण्यास कोणती आडकाठी होती, हे आम्हांस उमगत नाही.

दुसरी अडचण परीक्षेची. व्याख्यान थांबते, परीक्षेची तारीख थांबत नाही. दहावी-बारावीच्या खेळाडूंना राज्य शासन वाढीव गुण देते. ही उदारता खरी, पण गुण देणे सोपे आणि तारीख देणे कठीण, असा आपला अनुभव. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मात्र राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गुंतलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा निराळ्या दिवशी घेण्याची सोय केलेली आहे. प्रश्नपत्रिका तितकीच कठीण, दिवस तेवढा निराळा. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने ही सोय आपल्या नियमांत लिहून ठेवावी, म्हणजे खेळाडूस दरवर्षी अर्ज हाती घेऊन कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.