जुन्या फियाटचें इंजिन काटकसरीनें कसें बांधावें?

मोटार जुनी झाली म्हणजे ती मोडींत घालावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या घरानें दोन पिढ्यांच्या लग्नकार्यांच्या, तीर्थयात्रांच्या आणि दवाखान्याच्या खेपा एकाच गाडीनें केल्या, त्या घराला तो सहजासहजीं पटत नाहीं. नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझरसारख्या गांवीं एखाद्या घराच्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी हा केवळ लोखंडाचा प्रश्न नसतो. वडील मंडळींस ती हवी असते, मुलांस तिचें कुतूहल असतें, आणि घरखर्चाची वही जिच्या हातीं असते तिला मात्र आधीं खर्चाचा आंकडा हवा असतो. तिचा प्रश्न सर्वांत रास्त होय.

ही गाडी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें ती मुंबईंत कुर्ला येथें बनविली; १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून, आणि १९७४ पासून पद्मिनी या नांवानें. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली.

तिचें इंजिन समजण्यास सोपें आहे. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, एकूण आकारमान १,०८९ घन सेंटिमीटर. हवा जोरानें आंत भरणारा टर्बो येथें नाहीं. पिस्टन खालीं उतरला कीं होणाऱ्या पोकळींत बाहेरची हवा आपल्याच दाबानें शिरते. पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे ही हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां सुमारें नऊ टक्के विरळ असते. तेव्हां वैशाखांत गाडी किंचित् मंद वाटली, तर तेवढ्यावरून इंजिन खोलण्याचें कारण नाहीं.

केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, आणि भीमानें बकासुर मारला तो येथेंच, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेल पिणारें इंजिन हाही घरचा एक बकासुरच. परंतु तो कोणत्या वाटेनें खातो हें आधीं पाहावें. इंजिन गरम असतां सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी आला तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावा. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्वचा किंवा हेडखालील गॅस्केटचा. दुसऱ्या प्रकारांत केवळ हेडचें काम करून भागतें आणि निम्म्याहून अधिक खटाटोप वांचतो. कित्येक घरांत ही एवढीशी परीक्षा न करतांच सगळें इंजिन उतरवितात, आणि मग खर्चास धरबंद राहत नाहीं.

सर्व इंजिन खोलणें भागच पडलें, तर काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये हें ठरवून घ्यावें. भाग धुणें, पुसणें, खुणा करून ओळीनें मांडणें हीं कामें घरच्या मुलांनीं करावीं. प्रत्येक व्हॉल्व आणि बेअरिंगची टोपी आपापल्या जागींच परत बसली पाहिजे. मात्र बोअर करणें, क्रँक घांसणें आणि हेडची पातळी साधणें हीं कामें चांगल्या लेथवाल्याकडेच द्यावीं. पिस्टन आधीं मिळवावे, मग त्यांच्या मापानें बोअर करावें. उलट केल्यास मापाचे पिस्टन न मिळून ठोकळा पडून राहतो. बोअर वाढविल्यानें शक्ति वाढते ही समजूतही पोकळ आहे. व्यास ०.६ मिलिमीटर वाढला तर आकारमान अवघें १९ घन सेंटिमीटर वाढतें, म्हणजे दोन टक्केही नाहीं. गॅस्केट व तेलाचीं सीलें मात्र नवींच घालावीं. जुनीं वापरून वांचविलेले पैसे दुसऱ्यांदा इंजिन उघडण्यांत जातात.

आतां इंधनाविषयीं. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें, आणि २०२५ पासून पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊं लागलें. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्यानें मऊ पडून फाटूं शकतो, आणि गरम इंजिनावर गळणारें पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या हा या कामांतील पहिला खर्च समजावा. इथेनॉल ओलावा धरतें. सबब टांकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवूं नये.

शेवटीं कायद्याची बाब. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. स्वस्तांत मिळालेलें दुसरें इंजिन बसविलें तर त्याचा क्रमांक परिवहन कार्यालयांत नोंदविणें भाग आहे. तेव्हां कागदपत्रें नसलेलें इंजिन फुकट मिळालें तरी महागच.

ठोकळ्याला किंवा क्रँकला तडा गेला असेल, तर मात्र मन घट्ट करून थांबावें. एरवीं कामास हात घालण्यापूर्वीं खर्चाची मर्यादा वहींत लिहावी, आणि ती वही जिच्या हातीं आहे तिच्या संमतीवांचून तींत एक पैही वाढवूं नये. इंजिन बांधून झाल्यावर प्रथम कोणास बसवावें, हें मग सांगावें लागणार नाहीं.