वर कपडे, खाली रेस्तराँ

ब्रिटिश फॅशन डिझायनर मेरी क्वांट (१९३०–२०२३) म्हटलं की मिनीस्कर्ट आठवतो. तिच्या व्यवसायाचा पाया मात्र एकाच इमारतीतल्या दोन धंद्यांनी घातला. १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर तिने ‘बझार’ हे कपड्यांचं दुकान उघडलं. भागीदार होते आर्ची मॅकनेअर आणि पुढे तिचा नवरा झालेला अलेक्झांडर प्लंकेट ग्रीन. तळघरात त्यांचंच ‘अलेक्झांडर्स’ रेस्तराँ.

विक्रीसाठी आणलेले तयार कपडे मेरीच्या पसंतीस उतरेनात. मग ती संध्याकाळच्या वर्गात बेतणं शिकली, बाजारातल्या कागदी बेतांत फेरफार करू लागली आणि राहत्या खोलीतच शिवणकाम सुरू झालं. कापड यायचं हॅरॉड्स या बड्या दुकानातून, तेही किरकोळ विक्रीच्या भावात! आजच्या गल्ल्यातून उद्याचं कापड, असा सगळा हातावरचा व्यवहार. मला मिनीस्कर्टपेक्षा हे धाडसच मोठं वाटतं.

दोन वर्षांत नाइट्सब्रिजला दुसरं दुकान निघालं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकान-साखळीशी करार झाला. मेरीला १९६६ मध्ये ओबीई हा ब्रिटिश सन्मान, २०१५ मध्ये ‘डेम’ किताब मिळाला. मिनीस्कर्टचं श्रेय मात्र ती किंग्ज रोडवरच्या मुलींनाच देत असे.